देइदामियानं काढून दिलेलं पंक्चरचं दुकान

आमच्या सान ब्लासच्या बस थांब्यावर देइदामिया ओवेलार चिपा, म्हणजे चीज घातलेले कड्यासारखे गोल पाव, विकायची. तिच्या शेजारीच मी खलबत्ता घेऊन बसते. लोकांच्या तेरेरेत, म्हणजे आमच्याकडच्या थंडगार पाल्याच्या चहात, घालायला मुळ्या नि पाला कुटून देणं हा माझा धंदा. त्यामुळे तिचं तोंड मी जितकं ऐकलंय तितकं तिच्या आईनंसुद्धा ऐकलं नसेल.

दोन वर्षांची असताना तापात तिच्या दोन्ही पायांतलं बळ गेलं. वडील बैलगाड्या बनवायचे. त्यांनी तिला चार चाकांची बुटकी गाडी करून दिली आणि हातात लाकडाचे दोन ठोकळे दिले. ठोकळे जमिनीवर मारत ती लाल धुळीतून अशी सुसाट जायची की कोंबड्या झाडावर चढायच्या. पुढे त्या गाडीची तीनचाकी झाली, हातानं पायडल फिरवायची. आईला वाटायचं, पोरीनं घरात बसून लेस विणावी. पाय अधू झालेल्या मुलींनी लेस विणायची, असा आमच्याकडे जणू कायदाच होता.

"सुई बघितली की मला झोप येते," देइदामिया म्हणाली आणि आईच्या भट्टीतल्या चिपा टोपलीत घालून थांब्यावर आली.

आता चिपा विकायची रीत म्हणजे टोपली डोक्यावर घ्यायची, बस थांबली की आत चढायचं आणि "गरम चिपा! चीजची चिपा!" असं ओरडत मागच्या दारानं उतरायचं. हिला ते कुठून जमणार? पहिले काही दिवस ती खालूनच ओरडली. प्रवासी खिडकीतून बघायचे, हळहळायचे आणि आत चढलेल्या बायकांकडून चिपा घ्यायचे. मग तिनं वडिलांकडून एक लांब बांबू तोडून घेतला, त्याच्या टोकाला छोटी टोपली बांधली आणि ती सरळ बसच्या खिडकीला लावली. प्रवाशानं पैसे टाकायचे, बांगडीएवढी गरम चिपा उचलायची. नुसती उचलून पैसे न टाकणारा एखादा निघाला, तर ती त्याच बांबूनं बसचं टप बडवायची. आतले सगळे मिळून मग त्या माणसाकडून पैसे काढायचे.

तिचा हात असा वर गेला, तसा आवाजही चढला. सगळं गाव तिला न्या देइदा म्हणायला लागलं. आमच्याकडे बाईच्या नावाआधी 'न्या' लागलं की समजावं, आता हिच्याशी जपून बोलायचं.

तर ही न्या देइदा एका माणसाला फार वैतागलेली होती. त्याचं नाव क्रिस्पिन.

क्रिस्पिन लाकडाच्या वखारीत कामाला होता. भिंतींना लावायचा चुना भिजवत असताना उसळला आणि दोन्ही डोळ्यांत गेला. पस्तिशीतला माणूस, उंच, हसरा. दवाखान्यातून घरी आला तेव्हा पाई सेवेरो, म्हणजे आमचे पाद्री, स्वतः त्याला हात धरून देवळात घेऊन आले आणि पायऱ्यांवर सावलीची जागा दाखवली. तिथून पुढे क्रिस्पिन तिथेच. धुतलेला शर्ट, विंचरलेले केस, मांडीवर हॅट उलटी. कधी कोणापुढे हात पसरला नाही. नुसता "देवाचा आशीर्वाद असो" म्हणायचा, तेही अशा आवाजात की देणाऱ्याला वाटावं, आपलंच भलं झालं.

देइदामियाला हे दृश्य बघवत नसे. देवळासमोरून जाताना ती मुद्दाम तीनचाकी थांबवायची.

"काय रे क्रिस्पिन, हाताला काय झालंय तुझ्या?"

"काही नाही, न्या देइदा. हात ठणठणीत आहेत."

"मग ते हॅट धरायला का ठेवलेस?"

"तुम्ही रागावू नका. रविवारी फार बरं चालतं इथं. सणाला तर विचारूच नका."

"म्हणजे धंदाच आहे की तुझा!"

"धंदाच म्हणा," तो हसून म्हणाला. "भट्टी पेटवायला नको, बांबू उचलायला नको."

ती तरातरा निघून आली आणि माझ्यापुढे फणफणली. "सुनिल्दा, तो माणूस फुकट चाललाय. म्हातारा झालेला बैलसुद्धा संध्याकाळी स्वतःहून उठून दोन पावलं चालतो."

मी म्हटलं, "अगं, त्याला दिसत नाही. तू त्याच्या जागी असतीस तर?"

"मी त्याच्या जागी असते तर पाय असते मला," ती म्हणाली आणि बांबू घेऊन पुढच्या बसकडे वळली.

पण ती नुसतं बोलून थांबणारी नव्हती. एका सोमवारी, देवळात कोणी नसतं त्या दिवशी, तिनं त्याला थांब्यावर आणवलं. टोपली त्याच्या हातात दिली. "आज तू आत चढ. मी खाली, तू वर. दांडा धरून पुढून मागे जायचं, ओरडायचं, उतरायचं. इतकं तर जमेल?"

"आणि नोटा कशा ओळखू?"

"नाणीच घे. नोट दिली तर शेजारच्या म्हातारीला विचार. म्हाताऱ्या खोटं बोलत नाहीत."

"माझ्या सासूला तुम्ही ओळखत नाही," क्रिस्पिन म्हणाला. पण चढला.

आणि बस निघून गेली. क्रिस्पिनला घेऊन.

झालं असं की कंडक्टर खाली माझ्याकडे तेरेरे पीत होता. तो धावत मागच्या दारानं चढला, घंटी मारली आणि पुढे कोणी आंधळा माणूस चिपा विकतोय याचा त्याला पत्ताच नाही. देइदामिया बांबू उंचावून ओरडत राहिली. धूळ तेवढी मागे राहिली. क्रिस्पिनची बायको बासिलिया कुठूनतरी ऐकून पळत आली आणि थांब्यावर छाती बडवायला लागली.

"माझा नवरा कुठं पाठवलात? आधी डोळे गेले, आता अख्खा माणूसच गेला!"

"येईल गं," देइदामिया म्हणाली. पण मी बघत होते, त्या दिवशी तिनं एकाही बसला बांबू लावला नाही.

दिवस कलताना उलट दिशेच्या बसमधून तो उतरला. शर्ट ग्रीसनं काळा, गालाला चिखल, तोंडभर हसू. चिपा सगळ्या विकलेल्या. आणि टोपलीही विकलेली.

"माझी टोपली विकलीस?" देइदामिया किंचाळली.

"एका बाईला फार आवडली हो. मी म्हटलं, घ्या."

"माझ्या आईची टोपली होती ती, गाढवा!"

बासिलियानं त्याला मिठी मारली, मग दोन चापट्या दिल्या आणि घरी नेलं. ग्रीस कुठून लागलं ते कुणी विचारलंच नाही.

ते दुसऱ्या दिवशी कळलं. तोच ड्रायव्हर परत आला आणि बस थांबवून खास देइदामियाजवळ उतरला. "बाई, कालचा तुमचा तो माणूस कुठंय? ओढ्याच्या उतारावर माझं चाक बसलं. ट्यूब काढली, हवा भरली, पण भोक सापडेना. जवळपास पाणी नाही, ओढा कोरडा. हा बस धरून धरून खाली आला, म्हणाला, द्या इकडे. ट्यूब ओठाजवळ धरली, जीभ फिरवून ओठ ओला केला आणि इंच इंच फिरवत नेली. आणि म्हणाला, इथं. खरंच तिथंच! केसाएवढं भोक. आमच्या सगळ्यांच्या आधी त्यानं काढलं."

देइदामियानं ड्रायव्हरला एक चिपा फुकट दिली. तिला चिपा फुकट देताना मी पहिल्यांदा बघितलं, म्हणून मलाच धास्ती वाटली.

दुपारच्या झोपेच्या वेळी, सगळं गाव आडवं झालेलं असताना ती देवळाच्या पायऱ्यांपाशी गेली. मीही मागोमाग गेले. क्रिस्पिन पेंगत होता.

"क्रिस्पिन. वखारीत जायच्या आधी काय करायचास?"

"सायकली उघडायचो. लहानपणी. वडिलांची एक होती."

"मग हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही आल्या की ओरडताच."

देइदामियानं तीनचाकी पायरीला अगदी चिकटवली. मग ती म्हणाली, "बरं. आता विचारते. काय करावंसं वाटतं तुला?"

क्रिस्पिननं बराच वेळ हॅटच्या काठावरून बोट फिरवलं. "काल रस्त्यावर ती ट्यूब हातात घेतली ना, न्या देइदा, तेव्हा कोणी 'बिचारा' म्हणालं नाही. 'लवकर कर रे बाबा' म्हणाले. फार बरं वाटलं."

असं ते ठरलं.

ते दिवस म्हणजे स्वस्तातल्या मोटारसायकली आमच्या भागात आल्या ते दिवस. काल ज्याच्या दारात घोडा बांधलेला असायचा, त्याच्या दारात आज लाल मोटारसायकल. रस्ते मात्र घोड्याचेच राहिले होते, काट्यांचे आणि खडीचे. सान ब्लासमध्ये पंक्चर काढणारा एकही नव्हता. लोक गाडी ढकलत पार हमरस्त्यावर न्यायचे.

हमरस्त्यावर एपिफानियो म्हणून एक खडूस म्हातारा टायरवाला होता. देइदामिया स्वतः तीनचाकी रेटत त्याच्याकडे गेली आणि सांगून आली, याला शिकवायचं. तो म्हणाला, मी आंधळ्यांना शिकवत नाही. ती म्हणाली, तू डोळसांनाही शिकवत नाहीस, कोणी टिकतच नाही तुझ्याकडे. म्हाताऱ्याला ते इतकं झोंबलं की त्यानं हो म्हटलं.

क्रिस्पिन तिथं सगळा हिवाळा राहिला. पहिल्या महिन्यात पॅच चिकटवायच्या तापलेल्या लोखंडावर त्याची तीन बोटं भाजली. बासिलिया त्याला भेटून आली आणि सरळ थांब्यावर देइदामियासमोर उभी राहिली.

"देवळाच्या पायऱ्यांवर निदान कातडी तरी शाबूत होती त्याची. तुम्हाला काय, तुम्ही बोलून मोकळ्या. रात्रभर तो हात पाण्यात घालून बसतो."

मला वाटलं, आता देइदामिया हिला उभी सोलणार. पण तिनं आपल्या दंडावरची बाही वर केली. कोपरापर्यंत जुने भाजल्याचे डाग होते, आईच्या भट्टीचे. "हे बघ. एकेक डाग माझ्या पहिल्या वर्षाचा आहे. दुसऱ्या वर्षाचा एकही सापडला तर सांग." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तू म्हणशील तर मी त्याला आज परत आणते, बासिलिया. नवरा तुझा आहे."

बासिलिया रडली. मी तिला पुदिन्याचा काढा दिला. "तो येणार नाही," नाक पुसत ती म्हणाली. "मी विचारलं त्याला. म्हणाला, मला शिव्या घालणारा गुरू मिळालाय, सोडून कसा येऊ?"

दुकान आमच्या थांब्यामागच्या आंब्याखाली उभं राहिलं. पत्रे वखारीच्या मालकानं दिले. त्याच्याच चुन्यानं डोळे गेले होते, त्यामुळे तो नाही म्हणूच शकत नव्हता, आणि देइदामियाही त्याच्या दारात बसून राहिली होती. हवेचा पंप कोणाच्यातरी जुन्या फ्रीजच्या मोटारीतून तयार झाला. चालू केला की म्हातारा खोकल्यासारखा आवाज यायचा. आतली मांडणी मात्र क्रिस्पिननं आपल्या हातानं केली. पाने लहानापासून मोठ्यापर्यंत एका फळीवर, टायर काढायच्या पट्ट्या उजव्या हाताला, पाण्याची टाकी डाव्या पायापाशी. बासिलियानं प्रत्येक डब्याला वेगळ्या गाठीची दोरी बांधली. आणि देइदामियानं फतवा काढला: या दुकानातली वस्तू जो हलवेल त्याला सान ब्लासमध्ये चिपा मिळणार नाही.

पहिलं गिऱ्हाईक पाई सेवेरो. गाडी ढकलत आले, घामाघूम.

"माझा पायऱ्यांवरचा माणूस पळवलास तू, देइदामिया."

"देवाला कमी आहेत का माणसं, पाई? आम्हाला एकच होता."

क्रिस्पिननं चाक खोललं. आम्ही सगळे श्वास रोखून बघतोय. ट्यूब ओठाशी फिरली, थांबली, पॅच बसला, चाक चढलं. पाद्रीबाबांनी गाडीवरून चौकाला एक फेरी मारली आणि परत येऊन क्रिस्पिनच्या डोक्यावर आशीर्वादाचा हात ठेवला.

"आशीर्वाद ठीक आहे, पाई," क्रिस्पिन म्हणाला, "पण पंक्चरचे पैसे?"

चौकातले लोक इतके हसले की झोपलेली कुत्री उठून भुंकायला लागली. पाई सेवेरो स्वतःही हसले, आणि त्यांनी पैसे दिले.

तिथून गाडी रुळावर आली. क्रिस्पिन बदलला. पायऱ्यांवरचा गोड आवाज गेला. एपिफानियोचा खडूसपणा थोडा अंगात आला. "हे टायर आहे की चाळण?" असं तो गिऱ्हाइकाला विचारायचा. पण देइदामियाला हे फार आवडायचं. "बघ," ती मला म्हणायची, "कसा माणसासारखा भांडतो."

मग ती खिळ्यांची भानगड झाली.

पुढच्या उन्हाळ्यात गावात पंक्चरं एकदम वाढली. एकेका गाडीच्या चाकात दोन-दोन खिळे. क्रिस्पिनला उसंत मिळेना. आणि कसाई तेओदोरो आपल्या दुकानात मांस तोडता तोडता म्हणाला, "धंदा कोणाचा वाढलाय बघा. खिळे काय आकाशातून पडतात? आंधळा माणूस हातात काठी घेऊन रस्ताभर फिरतो. काठीबरोबर आणखी काय टाकतो, कुणी बघितलंय?"

गाव लहान. मांसाबरोबर ते बोलणंही घरोघरी गेलं. एक जण क्रिस्पिनसमोरच म्हणाला, "काढ पंक्चर, तुझाच खिळा असेल."

त्या दिवशी क्रिस्पिननं ते पंक्चर काढलं, पैसे घेतले नाहीत, पत्र्याचं दार लावलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला शर्ट घालून देवळाच्या पायऱ्यांवर जाऊन बसला. हॅट उलटी.

देइदामिया गेली. पायऱ्या तिला चढता येत नाहीत, म्हणून खालूनच.

"उतर."

"नाही, न्या देइदा. इथं बसलेला माणूस चोर आहे असं कोणी म्हणत नाही."

"इथं बसलेल्या माणसाला कोणी काहीच म्हणत नाही, रे. म्हणण्याइतकी किंमतच नसते त्याला."

"मग नसू दे!" तो ओरडला. देवळासमोर असा ओरडलेला आम्ही त्याला कधी ऐकला नव्हता. "तुम्हाला हा आवाज झेपतो. लोक बोलतात, तुम्ही बांबूनं टप बडवता. मला तो माणूस दिसलासुद्धा नाही, न्या देइदा. कोण बोललं तेही मला दुसऱ्यानं सांगायला लागलं."

तिनं हात पायडलवर ठेवले. मग तीनचाकी वळवली. परत येताना तिचे डोळे भरलेले होते. मला दिसू नये म्हणून ती आंब्यावरच्या पोपटांना शिव्या देत होती.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा टोपलीत चिपा नव्हत्या. देवळातल्या लाउडस्पीकरचा फुटका कर्णा तिनं पाद्रीबाबांकडून मागून आणला होता. त्यातलं वाटीएवढं लोहचुंबक काढून तिनं दोरीनं तीनचाकीच्या मागे बांधलं, जमिनीपासून बोटभर वर.

"आज धंदा नाही?" मी विचारलं.

"आज झाडलोट आहे. तूही चल, वाकायला पाय असलेलं कोणीतरी लागेल."

आम्ही गल्ली गल्ली फिरलो. चुंबकाला खिळे चिकटायचे, मी ते काढून डब्यात टाकायची. लोक दारात येऊन बघायला लागले. काहीजण मागून चालायला लागले, कारण आमच्या गावात त्या दिवशी दुसरं काही बघण्यासारखं नव्हतं. खिळे सगळे एकाच जातीचे: आखूड, गंजलेले, डोक्याला पत्र्याची रुंद चकती. छपराचे खिळे. चौकात थोडे, देवळाच्या वळणावर जास्त, आणि तिथून नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तर पेरल्यासारखे. देइदामिया हातानं पायडल मारत पुढे, मी मागे, आमच्या मागे अर्धं गाव.

रस्ता संपला तो तेओदोरोच्या नव्या घरापाशी. जुन्या घराचं छप्पर उतरवून त्यानं पत्रे आपल्याच हातगाडीवर घालून इथं आणले होते, कित्येक खेपा. हातगाडी अंगणात उभी होती. तिच्या तळाची एक फळी तुटलेली, आणि फटीत अजून दोन-चार खिळे लोंबत होते.

 तेओदोरो अंगणात कपाळावर हात ठेवून उभा. तो वाईट माणूस नव्हता हो, नुसतं तोंड सैल होतं त्याचं. हळूच म्हणाला, "मला खरंच माहीत नव्हतं."

"तुला नव्हतं माहीत, हे मला माहीत आहे," देइदामिया म्हणाली. "आता हे तू स्वतः जाऊन सांग. मला नाही. त्याला."

आणि तेओदोरो गेला. रक्ताळलेला एप्रन तसाच. सगळ्या गावासमोर देवळाच्या पायऱ्या चढला, क्रिस्पिनच्या शेजारी बसला आणि आपलं नाव सांगून म्हणाला, "खिळे माझे होते. बोलणंही माझंच होतं."

क्रिस्पिननं मांडीवरची हॅट बाजूला ठेवली. मग त्यानं हात पुढे केला. तेओदोरोला वाटलं हात मिळवायचाय, पण क्रिस्पिननं त्याचा चेहरा चाचपला, कान, नाक, मिशा. "आता कळलं कोण ते," तो म्हणाला. "पुढच्या वेळी शिवी कुणाला द्यायची ते लक्षात राहील." आणि हॅट डोक्यावर घालून उठला.

महिनाभर तेओदोरोनं त्याच्या घरी मटणाची हाडं पाठवली. बासिलिया म्हणायची, अशी माणसं वर्षातून एकदा खोटं बोलली तरी हरकत नाही.

त्यानंतर बरीच वर्षं सुखाची गेली. थांब्यासमोरचा रस्ता डांबरी झाला आणि त्यावरून नव्या बस यायला लागल्या, थंड हवेच्या. त्यांच्या खिडक्या उघडतच नाहीत. काळी काच, आत पडदे. पहिली बस आली तेव्हा देइदामियानं बांबू वर नेला आणि टोपली काचेवर टक टक वाजली. आतून एका बाईनं हात हलवून नको म्हटलं. जुन्या बस एकेक करून बंद झाल्या. बाकीच्या चिपावाल्या आत चढायच्या, त्यांचं चाललं. हिचं थांबलं.

देइदामिया आठवडाभर आलीच नाही. मी तिच्या घरी गेले तर भट्टी थंड, ही भिंतीकडे तोंड करून पडलेली. "डोकं दुखतं," म्हणाली. तिचं डोकं कधी दुखत नाही. ती दुसऱ्याचं दुखवते.

मी येऊन क्रिस्पिनला सांगितलं. त्यानं हातातला पाना जागेवर ठेवला आणि काठी उचलली. मीही गेले, नाहीतर काय झालं ते कळलं नसतं.

"न्या देइदा, माझ्याकडे बाकावर माणसं बसतात," दारातूनच तो म्हणाला. "चाक होईपर्यंत बसूनच असतात. तोंडाला काही नाही, म्हणून माझं डोकं खातात. तुम्ही भट्टी माझ्या शेडला लावा."

ती उठून बसली. "माझी कीव करतोयस?"

"छे. भाडं घेणार आहे."

"भाडं?"

"रोज पाच चिपा. आणि पेलाभर कोसिदो चहा, गरम, दूध घालून."

"पाच! लुटारू! ज्याला मी पायऱ्यांवरून उचलून आणलं—"

"ओढून आणलंत. माझे गुडघे अजून आठवण काढतात."

"तीन देईन."

"पाच. बासिलियाला दोन लागतात."

"चार, आणि कोसिदो बिनसाखरेचा."

भांडण बराच वेळ चाललं. तोवर ती केस बांधून, पायांत चपला घालून तीनचाकीत बसलेली होती. चपला कशाला घालायची कोण जाणे, पण बाहेर पडताना घालायचीच.

भट्टी आंब्याखाली आली. सुरुवातीला गिऱ्हाईक बेताचंच होतं, मोटारसायकलवाले दोन-चार. मग एका दुपारी, ऊन असं की डांबर पायाला चिकटत होतं, त्या थंड हवेच्या बसपैकीच एकीचं मागचं चाक बरोबर आमच्या थांब्यासमोर बसलं. इंजिन बंद, त्यामुळे आतली थंडी बंद, आणि खिडक्या तर उघडत नाहीत. दार उघडलं आणि अख्खी बस भडाभडा खाली. सुटाबुटातले, लेकुरवाळ्या, नवरीच्या वेशात निघालेली एक मुलगी, सगळे आंब्याच्या सावलीत. मोठ्या बसचं चाक, क्रिस्पिनला ड्रायव्हर आणि कंडक्टर दोघांची मदत लागली. तास दीड तास मोडला. भट्टीतून चिपा बाहेर येतात न येतात तोच संपत होत्या. मी कुटलेली मुळी संपली, बर्फ संपला, माझा आवाजही संपला.

"अहो बाई," एक सुटाबुटातला तोंडात घास ठेवून म्हणाला, "इतकी चांगली चिपा, तुम्ही बसमध्ये का नाही विकायला येत?"

देइदामियानं त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. मला वाटलं आता त्याची धडगत नाही. पण तिच्या हाताला वेळ नव्हता. "तुम्ही आलात ना खाली," ती म्हणाली, "आणखी किती देऊ?"

तेव्हापासून त्या कंपनीचे ड्रायव्हर चाकाला काही झालेलं नसलं तरी आंब्यापाशी थांबतात. एक म्हणतो हवा बघायची आहे, दुसरा म्हणतो इंजिन तापलंय. खरं कारण सगळ्यांना माहीत असतं. क्रिस्पिन उगाच चाकावर पाना आपटून "ठीक आहे, जाऊ दे" असं ओरडतो, आणि त्याबद्दल तिच्याकडून आणखी एक चिपा मागतो.

ती देत नाही. म्हणते, करार चारचा झालाय.